दुसरी प्रत

शनिवारी सकाळी ती आली तेव्हा हातात घडी घातलेला कागद होता. डावीकडे टर्नटेबल, उजवीकडे सीडी प्लेअर, दोन्हींखाली किंमत, वजन, वॉरंटी, कुठे मिळेल, किती दिवसांत मिळेल. मुलगी सोलापूरची, हिंजवडीच्या फेज टूमधल्या एका कंपनीत टेस्टिंगला. वर्षभर पगारातून बाजूला काढलेले साठ हजार रुपये तिच्याकडे आहेत आणि तिला डीजे व्हायचंय. नोकरी सोडायची नाही. पण शनिवार-रविवार मन लावून शिकायचं. "दादा, यातलं कुठलं घेऊ तेवढं सांगा. सोमवारी ऑर्डर टाकते."

मी म्हटलं, "सोमवारी नको टाकू. आधी दोन-तीन शनिवार इथं ये."

हिंजवडी गावठाणात आमच्या घरामागे सामानाचं गोदाम आहे, त्याच्यावर ही खोली. खिडकीतून एका अंगाला मेट्रोचे खांब दिसतात आणि दुसऱ्या अंगाला एक भातखाचर, अजून न विकलेलं. शिकायला येणारी बहुतेक मुलं आयटीतली. आकड्यांची सवय असलेली. त्यांना दोन रकाने आखून तुलना करता येते आणि तुलनेतून उत्तर निघतं यावर त्यांचा विश्वास असतो. मला या प्रश्नाचं उत्तर माहीत आहे. पण ते मला यंत्रांच्या तुलनेतून सापडलेलं नाही. ते सापडलं लग्नाच्या मांडवात, आबांच्या शेजारी बसून.

आबा लाऊडस्पीकरवाले. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे, या पट्ट्यातल्या लग्नांना आणि जत्रांना त्यांचा आवाज असायचा. आहुजाचा ॲम्प्लिफायर, दोन कर्णे, वायरीची भेंडोळी, एक रेकॉर्ड प्लेअर आणि पत्र्याच्या पेटीत तबकड्या. लग्नघरी पोचलं की आबा आधी उंच झाड बघायचे. आंब्यावर नाहीतर चिंचेवर चढून कर्णा बांधायचा, तोंड शेजारच्या गावाकडे करायचं, कारण यजमानाची हौस शेजारच्या गावालाही कळली पाहिजे. मग मांडवाच्या कोपऱ्यात टेबल, टेबलाखाली मी. माझं काम तबकडी पुसणं, उलटणं आणि सुई ठेवणं.

सुई ठेवताना श्वास धरायचा, असं आबांनी शिकवलं होतं. आमच्या प्लेअरचा दांडा जुना झाला होता, सुई घसरायची. म्हणून आबांनी दांड्याच्या डोक्यावर पंचवीस पैशांचं नाणं ठेवून वर चिकटपट्टी लावली होती. तेवढ्या वजनाने सुई खाचेत बसायची. पुढे 2011 मध्ये पंचवीस पैसे चलनातून गेले, पण ते नाणं त्या दांड्यावर अजून आहे. वजन जास्त झालं की तबकडी लवकर झिजते हे मी नंतर वाचलं. आबांना ते ठाऊक होतं. ते म्हणायचे, "तबकडी झिजली तर नवी आणू, भर मांडवात गाणं अडखळलं तर तोंड कुठं दाखवू?"

पेटीतल्या तबकड्या बहुतेक सात इंची, एका बाजूला दोन गाणी. सुलोचना चव्हाणांच्या लावण्या, प्रल्हाद शिंदेंची भक्तिगीतं, शाहीर साबळे, आणि हिंदी सिनेमाची गाणी. प्लेअर एकच. त्यामुळे बाजू संपली की उलटेपर्यंत मांडव गप्प. मी चपळ झालो तरी आठ-दहा सेकंदं जायचीच. त्या आठ-दहा सेकंदांत पंगतीतल्या भांड्यांचा आवाज मोठा व्हायचा, कुणाचं तरी भांडण ऐकू यायचं, रडणारं पोर ऐकू यायचं. आबांना ते सहन व्हायचं नाही. ते माइक उचलून "वऱ्हाडी मंडळींना विनंती" सुरू करायचे. विनंती काहीही असायची. मांडव गप्प राहता कामा नये, एवढाच तिचा अर्थ.

आमच्या धंद्याचं सगळं मूळ त्या आठ-दहा सेकंदांत आहे असं मला वाटतं. दोन गाण्यांच्या मधली ती जागा भरायची कशी, यासाठी माणसाने दुसरं यंत्र आणलं, मिक्सर आणला, हेडफोन आणला. बाकी सगळं मागाहून आलं.

इकडे गावाकडे डीजे या शब्दाचा अर्थच वेगळा आहे. "लग्नाला डीजे आहे" म्हणजे टेम्पोवर रचलेली बेसची भिंत आहे. ती वाजवणाऱ्या माणसाला वेगळं नाव नाही, तो ऑपरेटर. मी दोन्ही केलंय. भिंतीही लावल्यात आणि गाणीही जोडलीत. नवीन मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगतो की आपण इथे माणसाबद्दल बोलतोय, भिंतीबद्दल नाही.

मी औंधच्या आयटीआयला वायरमन झालो तोवर गावाचं रूप पालटायला लागलं होतं. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या इमारती उभ्या राहत होत्या, जमिनी गेल्या होत्या, कंपन्यांच्या वार्षिक पार्ट्या सुरू झाल्या होत्या. मी एका साउंडवाल्याकडे वायरी ओढायला जायचो. 2003 च्या डिसेंबरात अशाच एका पार्टीत मुंबईहून आलेला डीजे पाहिला. त्याच्यापुढे दोन सीडी प्लेअर, मधे मिक्सर. पाऊण तास मी स्टेजच्या कडेला उभा राहून एकच गोष्ट शोधत होतो: मधली आठ-दहा सेकंदं कुठे आहेत? ती नव्हतीच. एक गाणं संपायच्या आत दुसरं त्याच्या पोटात शिरलेलं असायचं आणि नाचणाऱ्यांचा पाय एकदाही चुकत नव्हता. घरी येऊन मी आबांना उठवलं आणि सांगितलं. रात्रीचे दोन वाजले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोन मशिनी लागत्यात ना?"

पुढच्या गणपतीच्या कमाईतून मी वापरलेला जोड-प्लेअर घेतला. वरच्या पेटीत दोन सीड्यांचे दोन खण, खाली वायरीने जोडलेला कंट्रोलचा पट्टा, त्यावर दोन लहान चकत्या आणि वेगाच्या दोन सरकपट्ट्या. अठरा हजार रुपये. पायोनियरने 1994 मध्येच डीजेंसाठी सीडीजे-500 आणला होता आणि 2001 मध्ये सीडीजे-1000, ज्याची मोठी चकती हाताला तबकडीसारखी वागायची. ती यंत्रं माझ्या आवाक्यात नव्हती. माझ्याकडे जे होतं त्यावर मी ठेका जुळवायला शिकलो.

ते शिकणं कसं असतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण निवड त्यावरच ठरते. एक गाणं मांडवात वाजतंय. दुसरं फक्त तुमच्या कानात, हेडफोनच्या एका बाजूने. दुसरा कान मोकळा. दुसऱ्या गाण्याची सम शोधायची, तिथे यंत्र थांबवून ठेवायचं, आणि बाहेरच्या गाण्याची सम आली की सोडायचं. सुरुवातीचे दोन-चार ठोके एकावर एक पडतात. मग हळूहळू फाटायला लागतात. एकाच ठोक्याचे दोन ऐकू येतात, टांग्याचा घोडा पळाल्यासारखे. आता ठरवायचं: आपलं गाणं पुढे पळतंय की मागे राहतंय? नव्या माणसाला हे कळतच नाही. महिना-दीड महिना कळत नाही. तो अंदाजाने पट्टी वर सरकवतो, टापा वाढतात, खाली सरकवतो, टापा कमी होतात. मग एक दिवस कानाला आपोआप कळतं, जसं सायकलवर तोल कुठे जातोय ते अंगाला कळतं. त्या दिवसानंतर यंत्र कुठलंही चालतं. तो दिवस लवकर आणणारं यंत्र नवशिक्याने घ्यावं.

आणि यासाठी एक सगळ्यात सोपा सराव आहे: तेच गाणं दोन्ही यंत्रांवर लावायचं. एकाचा वेग मुद्दाम बिघडवायचा आणि कानाने परत जुळवायचा. गाणं तेच असल्यामुळे फरक लख्ख ऐकू येतो. जुळलं की दोन आवाज मिसळून एक होतात, किंचित पोकळ, नळीतून आल्यासारखा आवाज येतो. तो आवाज आला की समजायचं, बरोबर.

पण त्यासाठी एका गाण्याच्या दोन प्रती लागतात.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात 11 ऑगस्ट 1973 ला डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत गाणी वाजवली, तिथून हिपहॉपची सुरुवात धरतात. त्याची युक्ती दोन प्रतींचीच होती. गाण्यातला फक्त तालाचा तुकडा लोकांना नाचायला आवडतो हे त्याने हेरलं आणि तीच तबकडी दोन यंत्रांवर लावून तो तुकडा लांबवला. एकीवर संपला की दुसरीवर पुन्हा. हे वाचलं तेव्हा मी आबांच्या पेटीकडे बघत बसलो. त्या पेटीत एकाही गाण्याची दुसरी प्रत नव्हती. मुळशी तालुक्यातला कुठला लाऊडस्पीकरवाला एकाच लावणीच्या दोन तबकड्या घेईल? एक विकत घ्यायचीच मारामार.

सीडीने मला दुसरी प्रत दिली, आणि माझ्यासाठी सगळा निवाडा इथेच होतो. कोरी सीडी पंधरा रुपयांना मिळायची. 2004-05 मध्ये मित्राच्या कॉम्प्युटरवर मी रात्र-रात्र सीड्या लिहीत बसायचो. वेग सगळ्यात कमी ठेवायचा, म्हणजे जुना प्लेअर खळखळ न करता वाचायचा. प्रत्येकीवर गाण्याचं नाव आणि मिनिटाला किती ठोके ते मार्करने लिहायचं, तेही आतल्या कोऱ्या गोलावर. सीडीची लेबलची बाजू नाजूक असते, चकाकणारा थर तिथे वरच्या शाईच्या लगेच खाली असतो. तिथे ओरखडा गेला की सीडी गेली. खालून गेलेला ओरखडा अनेकदा पुसून निघतो. हे पुष्कळांना उलटं वाटतं. ठोके मोजायला मनगटी घड्याळ: पंधरा सेकंद मोजा, चारने गुणा.

आणि दुसरी प्रत मिळाल्यावर मी आणखी एक गोष्ट केली. परदेशात नाचाची जी बारा इंची तबकडी निघायची ती डीजेसाठीच बनवलेली असायची. सुरुवातीला आणि शेवटी नुसता ताल, म्हणजे जोडायला जागा. आमची गाणी ऐकण्यासाठी बनवलेली. ती एकदम गाणाऱ्याच्या आलापाने नाहीतर ढोलकीच्या तुकड्याने उघडतात आणि तिसऱ्या मिनिटाला मिटतात. जोडायचं कुठे? मी कॉम्प्युटरवर गाण्याच्या मधला ढोलकीचा स्वच्छ तुकडा कापला, चार वेळा पुढे चिकटवला आणि मग सीडी लिहिली. आता गाण्याला उंबरा झाला. त्यावरून आत जाता यायला लागलं. मी हळदीत आणि वरातीत अशी जोडलेली मराठी गाणी वाजवली तेव्हा बायका फुगडी न थांबवता एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात गेल्या. त्या रात्रीचे पैसे किती मिळाले ते आठवत नाही. फुगडी तुटली नव्हती, ते आठवतं.

जुन्या मराठी गाण्यांची आणखी एक गंमत आहे, आणि ती शिकणाऱ्याच्या फार कामाची. ढोलकी माणसाने वाजवलेली. गाणं रंगात आलं की ढोलकीवाला चढतो. एक लावणी मी घड्याळ लावून मोजली होती: सुरुवातीला मिनिटाला 104 ठोके, शेवटच्या कडव्याला 111. यंत्राने बनवलेलं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एका वेगाने जातं. एकदा जुळवलं की हात काढून घ्या. लावणीवर हात काढता येत नाही. ती चढेल तसं दुसरं गाणं चढवत न्यावं लागतं, सतत ऐकत राहावं लागतं. शिवाय आपल्याकडे दादरा आहे, सहा मात्रांचा. चाराच्या हिशेबात शिकलेला मुलगा दादऱ्यावर चौकोनी ठेका बसवायला जातो आणि मांडवातल्या बायका नाचता नाचता थांबतात. त्यांना कारण सांगता येत नाही, पण त्यांचा पाय चूक पकडतो. म्हणून माझ्या खोलीत पहिल्या महिन्यात लावणी असते. ज्याला लावणी जुळली त्याला बाकीचं जुळतं.

आता टर्नटेबलचं सांगतो. मला ते हवंच होतं. आबांच्या प्लेअरवर हात बसलेला, आणि ज्यांचं नाव ऐकत होतो ते सगळे मोठे डीजे तबकडीवर वाढलेले. 2009 मध्ये मी एकाकडून जुना जोड घेतला. विकणाऱ्याने डायरेक्ट ड्राइव्ह आहे असं सांगितलं. घरी आणून चकती उचलली तर खाली रबरी पट्टा. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटर चकतीच्या अक्षावरच असते, हाताने अडवली तरी सोडल्यावर क्षणात वेग पकडते. पट्ट्याच्या यंत्रात मोटर बाजूला असते आणि पट्टा ओढत राहतो. हात लावला की तो ताणतो, सोडल्यावर सावरायला वेळ घेतो. घरात बसून गाणी ऐकायला ते यंत्र उत्तम असेल. ठेका जुळवायला ते निरुपयोगी आहे. मी ते घेतलं कारण मला चकती उचलून बघण्याइतकी माहिती नव्हती. तेव्हापासून मुलांना सांगतो, जुनं टर्नटेबल बघायला गेलात की आधी चकती उचला.

तरीही मे महिन्यात माण रस्त्यावरच्या एका लॉनवर, एका कंपनीच्या कार्यक्रमाला, मी ते घेऊन गेलो. स्टेज फळ्यांचं, खाली बेस ठेवलेले. पहिल्या गाण्यालाच घुऽऽ असा आवाज सुरू झाला. स्पीकरचा हादरा फळीतून टेबलात, टेबलातून सुईत, सुईतून परत स्पीकरात. आवाज कमी केला तर घूं थांबे आणि पार्टीही थांबे. मी टेबलाखाली गाद्यांचे तुकडे घातले, वरून पोरं स्टेजवर चढून नाचायला लागली आणि सुई उडाली. पुन्हा ठेवली, पुन्हा उडाली. तिसऱ्यांदा उडाली तेव्हा लॉनवर पूर्ण शांतता झाली. भांड्यांचा आवाज ऐकू आला. चाळीस वर्षं आबांनी जी शांतता टाळली होती ती मी तीनशे माणसांसमोर उभी केली होती. गाडीत सीडीचा जोड होता म्हणून कार्यक्रम निभावला. परत येताना हिंजवडीच्या शिवाजी चौकापर्यंत मी गाडीत एक शब्द बोललो नाही.

दोष तबकडीचा नव्हता. तिला जड, न हलणारा दगडी कट्टा लागतो, बेसपासून लांब जागा लागते, अर्थिंगची वेगळी तार लागते. मिक्सरमध्ये फोनो नावाची वेगळी खाच लागते, कारण तबकडी कोरताना खालचे सूर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात, ते परत सरळ करावे लागतात. साध्या खाचेत लावली की गाणं टिनपाटातून आल्यासारखं येतं. बंद क्लबमध्ये हे सगळं एकदा करून ठेवता येतं. आमचा धंदा लॉनवर, मांडवात, टेम्पोवर, जनरेटरवर. मेच्या दुपारी गाडीत ठेवलेली तबकडी संध्याकाळी पापडासारखी वाकते. आणि रात्री दहाला आवाज बंद म्हणजे बंद, तो कायदा आहे. तेवढ्या वेळेत सुई सावरत बसायला उसंत कुठली?

पण तबकडीबद्दल एवढंच सांगून थांबलो तर ते अर्धवट होईल. दोन वर्षांनी मुंबईत एका क्लबमध्ये साउंड लावायला गेलो असता तिथे टेक्निक्सचा जोड होता, एसएल-1200. 1972 पासूनचं हे यंत्र, 1979 च्या एमके-टू आवृत्तीने ते क्लबाक्लबांत पोचलं; मधे 2010 मध्ये कंपनीने ते बंद केलं आणि 2016 मध्ये पुन्हा सुरू केलं. दुपारची वेळ, हॉल रिकामा. तिथल्या माणसाने विचारलं, लावून बघायचंय का? मी चकतीवर हात ठेवला. खाली मोटर फिरतेय, मधे मऊ कापडाची चकती, वर माझ्या हाताखाली तबकडी थांबलेली. हात किंचित मागेपुढे केला की ढोलाचा ठोका "वुब" करून पुढे यायचा, "बुव" करून मागे जायचा. आवाज बोटाला लागत होता. सीडीच्या चकतीवर तुम्ही यंत्राला सांगता आणि यंत्र गाणं हलवतं. इथे गाणं स्वतः हाताखाली असतं.

आणखी एक गोष्ट तिथे उमगली. 33⅓ वेगाची तबकडी एक फेरा 1.8 सेकंदांत पुरा करते. मिनिटाला 133 च्या जवळपास ठोके असलेलं गाणं असेल तर एका फेऱ्यात बरोबर चार ठोके बसतात. लेबलवरची खूण बघत राहिलं तर डोळ्याला सम दिसते. आणि वेग सहा टक्क्यांनी वाढवला की गाणं जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतं. काळी दोनचं गाणं पांढरी तीनवर जातं. सीडी प्लेअरमध्ये बटण दाबलं की वेग वाढून सूर तोच राहतो. सोय मोठी आहे. पण ज्याने तबकडीवर ते चढणं एकदा ऐकलंय त्याला वेग आणि सूर हे एकाच दोरीची दोन टोकं आहेत हे कुणी समजावून द्यावं लागत नाही.

तर सोलापूरच्या मुलीला मी काय सांगितलं? सीडी प्लेअर घे, आणि वापरलेला घे. नव्याचा विचार करू नकोस. पायोनियरच्या 2020 च्या सीडीजे-3000 मध्ये सीडीचा खणच नाही, पेनड्राइव्ह नाहीतर कार्ड लागतं, आणि एका यंत्राची किंमत दोन लाखांच्या पुढे. मागच्या पिढीतल्या यंत्रांत सीडीही चालते आणि पेनड्राइव्हही. हॉटेलं आणि क्लब सामान बदलतात तेव्हा ती विकायला निघतात. बघायला जाताना जुनी, थोडी ओरखडलेली सीडी घेऊन जा. ती वाचली तर आतली लेसरची काच स्वच्छ आहे. क्यूचं बटण, म्हणजे गाणं समेवर थांबवून ठेवायचं ते, पन्नास वेळा दाब. सगळ्यात आधी तेच मरतं. सरकपट्टी मधोमध ठेव आणि आकडा शून्यावर स्थिर राहतो का बघ. चकती सावकाश फिरव, कुठे अडते का बघ. दोन्ही यंत्रं सारखीच घे, एक हे आणि एक ते असं नको. हाताला दोन सवयी लागतात.

तिने विचारलं, "मग लॅपटॉपवर चालणारा कंट्रोलर का नाही? तो तीस हजारांतच येतो."

प्रश्न योग्य होता, आणि पैसे खरंच कमी असतील तर तोच घ्यावा, मी अडवत नाही. पण त्याच्या पडद्यावर दोन्ही गाण्यांचे ठोके रेघांनी दिसतात आणि एक बटण दाबलं की ते आपोआप जुळतात. डोळा कानाचं काम उचलतो. आणि लावणीवर त्या रेघा बऱ्याचदा चुकीच्या ठिकाणी पडतात, कारण यंत्र एकसारखा वेग धरून चाललेलं असतं आणि ढोलकीवाला चढलेला असतो. पडदा बरोबर दाखवतोय या भरवशावर मुलगा गाणं सोडतो आणि वरात थांबते. म्हणून यंत्र कुठलंही असो, माझ्या खोलीत त्याच्या पडद्यावर काळी इन्सुलेशन टेप लागते. सहा महिने ती निघत नाही.

पहिल्या शनिवारी मी तिला एकाच गाण्याच्या दोन प्रती दिल्या आणि एकीचा वेग बिघडवून खाली चहा प्यायला गेलो. वरून टापा ऐकू येत होत्या. आबा ओट्यावर बसले होते. आता त्यांचं वय ऐंशीला टेकलंय, कर्ण्यांच्या शेजारी आयुष्य गेल्यामुळे उजव्या कानाने कमी ऐकू येतं. ते डावा कान वर करून ऐकत होते. "पळतीय," म्हणाले. थोड्या वेळाने, "आता मागं राह्यली." पाऊण तासानंतर टापा बंद झाल्या आणि एकच आवाज आला, पोकळ, नळीतून आल्यासारखा. तो बारा-पंधरा सेकंद टिकला. वर पाय आपटल्याचा आवाज झाला.

पुढच्या आठवड्यात आम्ही पिंपरीला जाऊन एक वापरलेला जोड बघून आलो. एकाचं क्यूचं बटण गेलेलं होतं, तेवढे पैसे कमी करून घेतला. बटण मी बदलून दिलं.

तिसऱ्या शनिवारी ती पिशवीतून एक सात इंची तबकडी घेऊन आली. आजोबांच्या कपाटात सापडली, म्हणाली. ते सोलापूरला गिरणीत होते. घरी वाजवायला काही नाही, कुणी वीसेक वर्षं ऐकलेली नाही. मी आबांचा प्लेअर वर आणला. तिने ओल्या कापडाने तबकडी पुसली, मी सांगितल्याप्रमाणे आतून बाहेर नाही, खाचांच्या बाजूने, गोल. नाण्याकडे बघितलं, त्यावर बोट ठेवून बघितलं आणि काही विचारलं नाही. श्वास धरून सुई ठेवली. आबाही जिना चढून आले होते.

दुसऱ्या कडव्यात लाइट गेली. सीडी असती तर एकदम गप्प झाली असती. तबकडी हळूहळू मंदावली. ॲम्प्लिफायरमध्ये उरलेल्या विजेवर क्षणभर बाईचा आवाज खाली खाली घसरत गेला, जाडसर झाला आणि बंद पडला. मी उठून इन्व्हर्टरच्या बटणाकडे जायला निघालो तर तिने हात वर करून मला थांबवलं. तिने लेबलवर तर्जनी ठेवली होती आणि चकती बोटाने फिरवायला सुरुवात केली होती. ॲम्प्लिफायर बंद, स्पीकर बंद, तरी सुईच्या टोकाशी गाणं होतं, मुंगीएवढं. आम्ही तिघं टेबलावर वाकलो. शब्द कळत होते. ढोलकीही कळत होती.

आबांनी डावा कान जवळ नेला. थोडा वेळ ऐकलं. मग तिच्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवलं आणि चकती किंचित मंद केली.